चवथीनंतर फुटणारा ग्रुप : एअर रायफलीचा दर वर्षीचा आजार

गणपतीची चवथ आटोपली, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) उतरली, की आठ-दहा दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. "काका, रायफल गेली. परवापर्यंत एका भोकात जायचे, आता कागदभर नाचतात." पलीकडे कधी मुलगा असतो, कधी त्याची आई. मी विचारतो, सुट्टीत रायफल कुठे होती? "पेटीत. नीट बंद करून ठेवली होती." तिथेच मला अर्धं उत्तर मिळालेलं असतं.

गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका हॉलमध्ये आमची दहा मीटरची नेमबाजीची रेंज आहे. मुलांच्या रायफली मी बघतो. बघतो म्हणजे स्क्रू आवळतो, नळी पुसतो, साधी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलतो. आतली यंत्रं उघडत नाही, ते माझं काम नव्हे. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फुटला की माणूस आधी खिशात हात घालतो, हे मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. महागड्या छर्ऱ्यांचे तीन डबे येतात, मग नेम धरायची नवी साइट येते, आणि शेवटी कुणीतरी सहज एलन की (षटकोनी किल्ली) लावून बघतो तर दस्त्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल! म्हणून खालचा क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ग्रुप सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कळत नाही. पुढच्या चवथीला तुम्ही पुन्हा तिथेच उभे.

कशालाही हात लावण्याआधी छर्रा आत नाही ना ते स्वतः बघा, ब्रीच (नळीचं मागचं तोंड, जिथून छर्रा घालतात) उघडी ठेवा, नळी भिंतीकडे. घरातल्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर बसून हे करू नका.

कागद काय सांगतो

दहा मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे भोकाचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा मिळतात. तिथून मध्याकडे सरकताना गुणाचा प्रत्येक दशांश पाव मिलिमीटरचा. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, नवी घेतली की बरोबर कारखान्यातला चाचणीचा कागद येतो, त्यावर सगळ्या गोळ्यांचं मिळून जेमतेम एका छर्ऱ्याएवढं भोक असतं. तो कागद फेकू नका. रायफल काय करू शकते याचा तोच पुरावा.

आता तुमचा कागद घ्या. भोकं वर-खाली रेषेत पडलीत का? मग वेग बदलतोय, नाहीतर श्वास किंवा खांद्यावरची जागा बदलतेय. डावी-उजवीकडे पसरलीत? ट्रिगर ओढला जातोय, रायफल कलतेय, किंवा साइट हलतेय. दोन वेगवेगळे छोटे ग्रुप, मध्ये मोकळी जागा, असं दिसलं तर मला आनंद होतो, कारण तिथे बहुतेक वेळा काहीतरी सैल असतं आणि दोन जागांमध्ये बसतं-उठतं. सत्र पुढे सरकेल तसा सगळा ग्रुप हळूहळू खाली उतरत गेला तर हवेच्या सिलिंडरवरच्या दाबाच्या काट्याकडे बघा. नऊ गोळ्या एका भोकात आणि दहावी भलतीकडे, हा छर्ऱ्याचा दोष असू शकतो. पण आपला असण्याची शक्यता जास्त, आणि ते कबूल करायला वेळ लागतो. सगळीकडे सारखी विखुरलेली भोकं सर्वांत वाईट. त्यातून काहीच कळत नाही, सगळा क्रम करावा लागतो.

फुकटची पहिली तपासणी

रायफल दुसऱ्याच्या हातात द्या. रेंजवर जो सध्या सर्वांत स्थिर मारतोय त्याला तुमच्या रायफलीतून, तुमच्याच डब्यातले दहा छर्रे मारायला सांगा. तुम्ही त्याच्या रायफलीतून दहा मारा. त्याचा ग्रुप तुमच्या रायफलीतून चांगला आला तर हे लिखाण इथेच बंद करा आणि प्रशिक्षकाकडे जा. चवथीचे दहा दिवस नेवऱ्या आणि मोदक खाऊन परतलेल्या माणसाचा जॅकेटचा पट्टासुद्धा जागेवर बसत नाही, तिथे रायफलीला काय बोलायचं.

चांगला नेमबाज नसेल तर टेबल आणि वाळूची पिशवी. आमच्याकडे जुन्या पँटच्या पायात उकडे तांदूळ भरून केलेली पिशवी आहे, ती वाळूपेक्षा बरी बसते. रायफल दर वेळी पुढच्या दस्त्याच्या त्याच जागेवर टेकली पाहिजे. नळी कधीही टेकवू नका. पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप घ्या. एका ग्रुपवर निकाल देऊ नका, तो चुकून चांगला किंवा चुकून वाईट असतो.

एलन की

टेबलावरूनही ग्रुप फुटलेला असला तर दस्त्याचे स्क्रू. बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असेल तर आपल्या पावसाळ्यात तो फुगतो, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतो, आणि जूनमध्ये घट्ट वाटलेला स्क्रू ऑक्टोबरमध्ये नुसता बसलेला असतो. ॲल्युमिनियमचा दस्ता फुगत नाही, पण त्याला समायोजनाचे इतके स्क्रू असतात की एखादा तरी सैल असतोच. गालाची फळी, खांद्याला टेकणारी बट-प्लेट, पुढचा उंचवटा, सगळे बघा. छर्रा नळीत असताना रायफल धक्का घेऊ लागलेलीच असते. यंत्र आणि दस्ता दर वेळी वेगळ्या ठिकाणी टेकत असतील तर नळीचं तोंडही दर वेळी वेगळीकडे असणार.

जोर लावून पिळू नका. पुस्तिकेत टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा असतो. टॉर्क पाना नसेल तर की लहान बाजूने धरून, दोन बोटांनी, आणि दर वेळी त्याच क्रमाने. मागच्या वर्षी एका वडिलांनी प्रेमाने इतका आवळला की लाकडात भेग गेली. तो दस्ता मग शोभेचा.

साइट, माशी आणि उजेड

मागची पीप साइट (बारीक भोकातून बघायची) अंगठा-तर्जनीत धरून हलवा. रेलवर तिचा स्क्रू सैल असेल तर हाताला कळेल. माशी म्हणजे नळीच्या टोकाकडची पुढची साइट, तिच्या नळकांड्यातली रिंग फिरते का ते बघा. घामाने ओली झालेली बोटं तिथे नकळत जातात. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं, त्या अंतिम फेरीआधीची पहिली चाचणीची गोळी चाराच्या वर्तुळात गेली होती, असं त्याने स्वतः सांगितलंय. साइट जागेवरून हललेली होती. त्याने उरलेल्या चाचणी गोळ्यांत ती जाग्यावर आणली आणि मग जे झालं ते झालं. मुलांना मी हे सांगतो ते शौर्य म्हणून नाही. चाचणीच्या गोळ्या कशासाठी असतात ते कळावं म्हणून.

कल किती महाग पडतो हे फार कमी जणांना माहीत असतं. रायफल पाच अंशांनी डावीकडे कलली तर दहा मीटरवर गोळी साधारण दीड मिलिमीटर डावीकडे जाते, थोडी खालीही. म्हणजे सहा दशांश गेले. माशीच्या नळकांड्यावर छोटं बबल लावायची सोय असेल तर सरावात लावा.

उजेडही बघा. आमच्या हॉलमधली एक ट्यूब पावसाळ्यात लुकलुकते. त्या लेनवर बसलेल्या प्रत्येकाची रायफल "बिघडते" आणि लेन बदलली की बरी होते. चष्म्यावर, साइटच्या काचेवर धुकं आलं तर पुसून पाच मिनिटं थांबा. एसी गाडीतून थेट हॉलमध्ये आणलेल्या रायफलीवर दमट हवेचं पाणी धरतं, तिला पेटी उघडून अर्धा तास तशीच ठेवा.

छर्रे

इथे थोडं थांबतो, कारण सगळे पैसे इथेच जातात.

सत्तरी तालुक्यातला माझा एक बागायतदार मित्र परदेशी व्हिडिओ बघत बसतो. तिकडे लोक शिकारीच्या आणि टार्गेटच्या रायफलींची काडतुसं घरी भरतात, दारू दाण्याच्या हिशोबाने तोलतात, पितळी कोष कापून एका लांबीचे करतात. "पात्रांव, आपण का नाही करायचं?" पहिलं कारण सरळ आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे, आणि शिकारीचं दार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद केलंय. पॉइंट टू टू (.२२) काडतुसाची रायफल मारणाऱ्यांना तर तो प्रश्नच नाही, कारण त्या काडतुसात पेटणारा मसाला कोषाच्या कडेत भरलेला असतो. एकदा आपटला की संपला, पुन्हा भरता येत नाही. तेही शेवटी एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेले, डबे शोधतात.

पण त्या लोकांच्या खटाटोपामागचा विचार आपल्याला उपयोगी आहे. त्यांना प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने आणि सारख्याच अंगाने नळीबाहेर पडायला हवी असते. आपल्याकडे दारू नाही, हवा आहे, ती रायफल स्वतः मोजून देते. आपल्या हातात उरतो तो छर्रा. त्याचं डोकं जड, मागचा घेर पोकळ आणि पातळ. हवेच्या दाबाने तो घेर फुलून नळीच्या आट्यांना चिकटतो आणि हवा अडवतो. घेर एका बाजूने चेपलेला असेल तर तोंडातून बाहेर पडताना हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छर्ऱ्याला ढुशी देते. दहाव्या गोळीचं गूढ पुष्कळदा एवढंच असतं.

तेव्हा आधी डबा उघडून बघा. तो बॅगेत तळाशी, वर पाण्याची बाटली, त्यावर बूट, असा प्रवास करून आलाय का? छर्रे पांढऱ्या बुरशीसारखे दिसतायत का? ती बुरशी नाही, शिशाला दमट आणि खाऱ्या हवेत चढलेला थर आहे. असले छर्रे सरावालाही नको. तो पांढरा भुगा विषारी असतो, फुंकर मारू नका, हात साबणाने धुवा, आणि त्याच हाताने पाव खाऊ नका. आमच्या मुलांना हे दर आठवड्याला सांगावं लागतं.

मग डब्यावरचा आकार. ४.४९, ४.५० असे आकडे म्हणजे डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये. एक नळी ४.४९ ला एका भोकात मारते आणि ४.५० ला पसरते, दुसरीचं उलटं. यात महाग-स्वस्त नाही, नळीची आवड आहे. दोन-तीन आकारांचे थोडे थोडे छर्रे मित्रांकडून मागून घ्या आणि टेबलावरून प्रत्येकाचे पाच-पाचचे चार ग्रुप मारा. जो जमला त्याचे एकाच लॉटचे डबे घ्या, लॉट नंबर लिहून ठेवा. नाव तेच, आकार तोच, पण लॉट वेगळा आणि ग्रुप फुटला, हे मी अनेकदा पाहिलंय. सर्वांत वाईट सवय म्हणजे दोन अर्धे डबे एकात ओतणं. कागदावरचे ते दोन ग्रुप आठवतात ना?

तोलायचं का? म्हापशातल्या सोनाराकडचा काटा आणून एका मुलाने अख्खा पाचशेचा डबा तोलला होता, दोन रविवार त्यात गेले. हिशोब करून बघू. मॅच छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. दहा मीटर जाईपर्यंत तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वजनात एक टक्का फरक पडला आणि हवेची ताकद तीच राहिली, तर हे खाली येणंही एक टक्क्यानेच बदलतं, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. दशांशाचाही पूर्ण फरक नाही. चांगल्या डब्यात वजनातला फरक थोडाच असतो. तेव्हा तोलत बसण्यापेक्षा उजेडात धरून चेपलेले घेर काढून टाका. पाचशेपैकी दहा-पंधरा निघतील, ते वॉर्म-अपला.

नळी

नळीत शिसं साचतं. फेल्टच्या गोळ्या मिळतात, त्या ब्रीचकडून घालून कोरड्या मारा, शेवटची बरीचशी स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतरच्या पहिल्या दहा-वीस गोळ्या भलतीकडे जातील, घाबरू नका, नळीला शिशाचा पातळ थर पुन्हा धरायचा असतो. म्हणूनच स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करणाऱ्यांची मला कीव येते. लोखंडी सळई आणि तारेचा ब्रश तर नकोच. नळीच्या तोंडाची कड एकदा ओरबाडली की हवा वाकडी सुटते आणि त्याला घरगुती उपाय नाही. तोंड भिंगाखाली बघा. ओरखडा किंवा गंजाचा ठिपका दिसला तर तिथेच थांबा.

आणि पेटी. पेटीतला फोम पावसाळ्यात ओल धरून ठेवतो, रायफल त्यात दहा दिवस झोपली की ओल्या चादरीत झोपल्यासारखी. सुट्टीत रायफल फोममधून काढा, हलक्या तेलाच्या फडक्याने बाहेरचं लोखंड पुसा, कापडी पिशवीत घालून कुलपाच्या कपाटात ठेवा, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल. तेल फक्त बाहेरून. हे का, ते पुढे येतंच.

हवा

इथवर सगळं केलं आणि भोकं वर-खालीच पडतायत, तर सिलिंडरचा काटा बघा. दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली गेला की रेग्युलेटर (दर गोळीला सारख्या दाबाची हवा देणारा भाग) पुरेशी हवा देऊ शकत नाही, वेग पडतो. १७० चा १६० झाला तर गोळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जाते. अगदी मधोमध नसलेल्या दहाचा सहज नऊ. सिलिंडर भरून पुन्हा मारा. एवढ्यानेच बरं झालं तर काही बिघडलेलं नव्हतंच.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) कुणाकडे असेल तर दहा गोळ्यांचा वेग लिहून काढा. मॅच रायफलीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत दोन-तीन मीटरचा फरक चालतो. दहा-बारा मीटर फरक येत असेल तर रेग्युलेटर किंवा आतली सील गेलेली. ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी आडवी ठेवून एक गोळी मारा. पट्टी उडाली तर ब्रीचची ओ-रिंग गळतेय. ती बाहेरूनच बदलता येत असेल तर बदला, योग्य मापाची, सिलिकॉन ग्रीसचा नुसता स्पर्श देऊन.

आपल्या हवेबद्दल एक. जुलैत हातपंपाने सिलिंडर भरणाऱ्यांनी हे वाचा. २०० मिलिलिटरचा सिलिंडर २०० बारला भरायला बाहेरची ४० लिटर हवा लागते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्या ४० लिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम पाणी असतं. पंपाला ओल शोषणारा फिल्टर नसेल तर त्यातलं काही पाणी आत जातं, दर भरणीला थोडं थोडं, आणि रेग्युलेटर आतून गंजतो. फिल्टरमधला माल वेळेवर बदला, किंवा कोरडी हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवरच भरा.

स्प्रिंगच्या बंदुकीवर शिकणाऱ्यांना हे हवेचं प्रकरण लागू नाही. तिथे बिजागरीचा स्क्रू, ब्रीचचा वॉशर आणि पकड एवढंच बघा. ती घट्ट धरली की ग्रुप पसरतो, सैल हातात एकवटतो. आणि छर्रा न घालता ट्रिगर ओढू नका, पिस्टन आपटून सील जाते.

इथे थांबा

सिलिंडर, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह आणि ट्रिगरचा संच तुम्ही उघडायचा नाही. मीही उघडत नाही. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळपास शंभरपट दाब. त्यात साधं मशीन तेल गेलं तर दाबाने तापून पेट घेऊ शकतं, म्हणून वर तेल फक्त बाहेरून म्हटलं. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल, त्याला खोक पडली असेल, आट्या झिजल्या असतील, तर तो भरूच नका, कुणी काहीही सांगो. रायफल स्वतःहून सुटली, ट्रिगर कधी हलका कधी जड लागला, नळीच्या तोंडाला इजा दिसली, वेग वर सांगितल्यापेक्षा जास्त फिरतोय, यांतलं एकही असलं तर गनस्मिथ किंवा कंपनीचा अधिकृत कारागीर. वेग वाढवून घ्यायचा मोह धरू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांत साडेचार मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवान्यातून सूट आहे. मॅच रायफल साडेसात-आठ ज्यूलवर चालते आणि दहा मीटरला तेवढंच लागतं.

आमच्याकडून रायफल बहुतेक पुण्याला किंवा मुंबईला जाते. पाठवण्याआधी कारागिराला विचारून सिलिंडर रिकामा करा, वेगळा बांधा. आणि नुसती "ग्रुप येत नाही" अशी चिठ्ठी नको. टेबलावरून मारलेले चार कागद, छर्ऱ्यांचा आकार आणि लॉट, क्रोनोग्राफचे दहा आकडे, कोणते स्क्रू कधी आवळले ते, आणि ज्या छर्ऱ्यांनी मारलंत त्यांतले पन्नास एका डबीत, असं सगळं पेटीत टाका. गेल्या दिवाळीत एका मुलीची रायफल आम्ही अशी पाठवायला काढली, तर कारागिराने पेटी निघण्याआधीच कागदांचे फोटो मागवले आणि फोनवरच म्हणाला, मागची साइट काढून तेवढीच पाठवा.